चौथं बटण

थिएटरात काम करणाऱ्या बाईला कधी "आज काय झालं?" असं विचारू नये. हा नियम आमच्या ह्यांनी केला आणि ह्यांनीच रोज मोडला. मी घरात पाऊल टाकायचा अवकाश, हे टीव्हीचा आवाज बारीक करून विचारणार, "काय गं, आज काय?" मग मी सांगणार, चहा गार होणार आणि हे म्हणणार, "तुला विचारलं हीच माझी चूक." पंधरा-सोळा वर्षांत असे किस्से किती साचले असतील! मशीनखाली दोऱ्याचे तुकडे साचतात ना, तसे. आज झाडून काढा, उद्या परत तेवढेच.

मी ड्रेसर होते. म्हणजे नटाला कपडे चढवायचे, उतरवायचे, उसवलं तर शिवायचं आणि तो रंगमंचावर असेपर्यंत विंगेत सुई ओवून उभं राहायचं. मूळची मी नायगावची. आई घरी बसून काज-बटणं करायची, तिच्या मांडीशी बसून शिकले. पंचाहत्तर साली लग्न करून नॉटिंगहॅमला आले, बारा-तेरा वर्षं होजियरीच्या फॅक्टरीत काढली, फॅक्टरी बंद पडली आणि थिएटरात लागले. कांबळे म्हणायला जीभ वळत नाही म्हणून तिथे सगळे मला मिसेस के म्हणायचे.

आजचे किस्से एकाच माणसाचे आहेत. ऑर्विल केंड्रिक, अमेरिकन नट. दोन हजार चार-पाचच्या सुमारास आमच्याकडे आठ आठवडे नाटक करून गेला. सहा फूट दोन इंच, पांढरे केस, वय सत्तर. माझ्याइतकं त्याला कुणी ओळखलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. मापं घेतलीत मी त्याची!

* * *

इंग्लंडच्या थिएटरात प्रयोगाआधी "हाफ" पुकारतात. म्हणजे अर्धा तास उरला, सगळे नट आत हजर पाहिजेत. पण हा अर्धा तास पस्तीस मिनिटांचा असतो! कारण नटांना जागेवर बोलावतात ते पडदा उघडायच्या पाच मिनिटं आधी, आणि अर्धा तास मोजायचा तो तिथपासून मागे. साडेसातचा प्रयोग असला तर हाफ सहा पंचावन्नला. मला हे समजायला एक आठवडा लागला होता.

ऑर्विल पहिल्या रंगीत तालमीला, तीही साडेसातलाच, बरोबर सात वाजता आला. दारात आमची स्टेज मॅनेजर जिल उभी होती. जिलची उंची जेमतेम पाच फूट, पण तिच्यासमोर भलेभले टोपी काढायचे.

"मिस्टर केंड्रिक, तुम्ही लेट आहात."

"अजून अर्धा तास आहे की!"

"अर्धा तास पाच मिनिटांपूर्वीच सुरू झाला."

ऑर्विलनं घड्याळ पाहिलं, मग जिलकडे पाहिलं. "मॅडम, माझ्या देशात अर्ध्या तासात तीस मिनिटं असतात."

"असतील ना," जिल म्हणाली. "म्हणून तर आम्ही तो देश तुम्हाला देऊन टाकला!"

दुसऱ्या दिवसापासून ऑर्विल सहा वाजताच यायला लागला. रिकाम्या ड्रेसिंगरूममध्ये आरशासमोर बसून राहायचा. मला वाटलं, वा, काय शिस्तीचा माणूस!

* * *

हा ओहायोतल्या कुठल्याशा गावातला. बापाचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान. एकोणिसाव्या वर्षी घरातून निघून न्यूयॉर्कला गेला, हॉटेलात बशा धुतल्या, वीस वर्षं नाटकं केली. मग हॉलिवूड. तिथे एका सीरियलमध्ये सहा वर्षं शेरीफ होता, म्हणजे घोड्यावर बसणारा फौजदार. त्यानंतर पिक्चरमध्ये न्यायाधीश, मग आजोबा, आणि शेवटी शेवटी जिन्याच्या खुर्चीची जाहिरात. बटण दाबलं की म्हाताऱ्याला वर नेणारी ती खुर्ची! त्यात हा हसत हसत वर जायचा.

पण त्याला अभिमान कशाचा, तर पडद्यावर मरण्याचा. "मिसेस के, मी तेवीस वेळा मेलोय!" गोळी लागून, बुडून, फाशी जाऊन, एकदा तर पियानो अंगावर पडून. आणि प्रत्येक मरण वेगळं, हं! एकदा चहाच्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये त्यानं मला आणि जिलला हार्ट अटॅक करून दाखवला. छाती धरली, डोळे फिरवले, भिंतीवरून घसरत खाली बसला आणि मान टाकली.

तेवढ्यात आमची साफसफाई करणारी डॉट जिन्यावरून आली. डॉटनं नुकतंच फर्स्ट एडचं सर्टिफिकेट घेतलं होतं आणि कधी एकदा कुणीतरी पडतंय असं तिला झालं होतं. बादली टाकून ती धावली, ऑर्विलच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि सगळं वजन घालून दाबायला लागली. "थांब, थांब!" आम्ही ओरडतोय, पण ती मोठमोठ्यानं आकडे मोजत होती.

ऑर्विल ओरडून उठला. "बाई, मी मेलोच नव्हतो!"

डॉट घाम पुसत म्हणाली, "बघा! कोर्स उपयोगाचा आहे."

* * *

आता माझी चूक सांगते. म्हणजे ती चूक नव्हतीच, पण थिएटरवाल्यांना कोण समजावणार?

लहानपणी मला सगळे सांगायचे, मुलीच्या जातीनं शिट्टी वाजवू नये. म्हणून मी मुद्दाम शिकले. इस्त्री करताना माझी शिट्टी आपोआप सुरू होते. तर एकदा ऑर्विलच्या खोलीत त्याचे शर्ट करताना मी झकास सूर लावला, आणि हा ताडकन उभा राहिला. ड्रेसिंगरूममध्ये शिट्टी! सगळ्यात मोठा अपशकुन! उपाय एकच. शिट्टी वाजवणाऱ्यानं खोलीबाहेर जायचं, तीन गिरक्या घ्यायच्या, दार वाजवायचं आणि "आत येऊ का?" म्हणून विचारायचं.

मी म्हटलं, जमणार नाही! आम्ही बौद्ध माणसं. आमच्या वडिलांनी घरातून लिंबू-मिरची, उतारे, मांजर आडवं जाणं, सगळं हद्दपार केलेलं. ते नायगावात सोडून सात समुद्र ओलांडून आले ते काय इथे गिरक्या घ्यायला?

जिल धावत आली. "मिसेस के, मी मेथडिस्ट ख्रिश्चन आहे. माझाही विश्वास नाही. पण तू फिर."

"का?"

"कारण ह्याचा आहे, आणि चाळीस मिनिटांत पडदा उघडायचाय!"

फिरले! चोपन्नाव्या वर्षी, कॉरिडॉरमध्ये, हातात गरम इस्त्री घेऊन तीन गिरक्या! पण त्याच दिवशी मी ठरवलं की पुन्हा ह्या नटांचे लाड करायचे नाहीत. आणि संधी लगेच आली. त्याच्या खिशाचं टोक उसवलं होतं. अंगावरून काढायला वेळ नव्हता म्हणून मी तसंच शिवायला घेतलं, तर हा म्हणतो, "थांबा, मला दोरा द्या."

"कशाला?"

"दातात धरायला. अंगावरचा कपडा शिवताना माणसानं दोरा चावत राहायचं. नाहीतर त्याची आठवण शिवली जाते. माझी आजी सांगायची."

गंमत बघा, माझी आईसुद्धा म्हणायची, अंगावर शिवू नये, आणि शिवलंच तर तोंडात काडी धर. कुठे ओहायो, कुठे नायगाव! पण माझं ठरलेलं होतं. "दोरा मिळणार नाही! सरळ उभे राहा." पुढचे दीड महिने तो प्रत्येक वेळी दोरा मागायचा आणि प्रत्येक वेळी मी नाही म्हणायची.

* * *

आमचे हे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. कुणापुढे वाकायचे नाहीत. पण पहिल्या प्रयोगाआधीच्या रविवारी मी ऑर्विल केंड्रिकला जेवायला बोलावलंय म्हटल्यावर ह्यांनी सूट इस्त्रीला टाकला! कारण पंचाहत्तर साली आम्ही नवीन नवीन आलो, तेव्हा भाड्याचा टीव्ही आणला होता, आणि दर गुरुवारी त्यावर हा शेरीफ लागायचा. आम्हाला इंग्लिश अर्धंमुर्धं कळायचं, पण शेरीफ कळायचा. परक्या गावात तो एक आपला माणूस होता.

ऑर्विल आला. दाराच्या चौकटीला डोकं आपटलं. आमची रीना इथेच जन्मलेली, ती कौतुकानं म्हणाली, "आई, आपली दार छोटा पडला!" मी सुकं मटण आणि भाकरी केली होती, ज्वारीचं पीठ खास लेस्टरहून आणून. ऑर्विलनं तीन भाकऱ्या खाल्ल्या, घाम पुसत पुसत. ह्यांनी आठवडाभर आरशासमोर इंग्लिशमध्ये भाषणाची तयारी केलेली, आणि आता ढिम्म. शेवटी एकदम हातातला घास ताटात ठेवून म्हणाले,

"तुम्ही शेवटच्या भागात गाव सोडून का गेलात?"

"अहो!" मी म्हटलं.

"नाही, मला विचारू दे. सहा वर्षं आम्ही बघितलं. शेवटच्या गुरुवारी ह्यांनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला, घोड्यावर बसले आणि गेले! कारण नाही, काही नाही. आम्ही दोघं चहा घेऊन बघत बसलो होतो!"

मला वाटलं ऑर्विल हसेल. तो हसला नाही. पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, "तो सीन लिहिणाऱ्यांना बहुतेक माझी माहिती होती." आणि मग त्यानं सांगितलं.

न्यूयॉर्कमध्ये त्याला पहिल्यांदा नाटकाची मुख्य भूमिका मिळाली होती. प्रयोग चालू, तिसरा अंक, थिएटर खच्चून भरलेलं, आणि एका वाक्याला डोकं कोरं झालं. प्रॉम्प्टरनं वाक्य पुरवलं, ते ऐकू आलं नाही. समोर विंग होती, विंगेच्या मागे रस्त्याचं दार होतं. तो चालत विंगेत गेला, दार उघडलं, रस्त्यावर आला, टॅक्सीत बसला. आत नऊशे माणसं त्याची वाट बघत बसली होती. त्यानंतर तीस वर्षं तो रंगमंचावर चढलाच नाही. कॅमेऱ्यासमोर बरं असतं, विसरलं की पुन्हा घेतात.

"मग आता का आलात?" ह्यांनी विचारलं.

"सत्तर झाली. एक नाटक पूर्ण करून घरी जायचंय. आठ आठवडे, शेवटच्या प्रयोगापर्यंत. एकदाही न पळता." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "नाही जमलं तर मला कळेल की मी तोच आहे."

ह्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि मी, मूर्ख बाई, माझ्या तोंडून काय निघावं?

"आणि कोट?"

"कुठला कोट?"

"अंगावर नाटकाचे कपडे होते ना? ते थिएटरचे असतात. परत केलेत का?"

ह्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. ऑर्विल माझ्याकडे बघत राहिला आणि मग इतका हसला, इतका हसला की रीनानं त्याच्यापुढे पाणी सरकवलं. "तीस वर्षं मला सगळ्यांनी विचारलं की का पळालास. कोटाचं आजपर्यंत कुणी विचारलं नाही!"

* * *

सोमवारी तो कोट घेऊनच आला. जाड तपकिरी लोकरीचा, लांब, शिंगाची पाच बटणं. तीस वर्षं तो जिथे जाईल तिथे हा कोट बरोबर. घालायचा नाही, टाकायचा नाही. शिवण अशी सुरेख की मी आधी पाच मिनिटं उलटसुलट करून तीच बघत बसले.

"हा विंगेत टांगा," तो म्हणाला. "बाहेरच्या दाराजवळ खिळा आहे, त्यावर. पळालो तर बाहेर थंडी असेल."

थट्टेत म्हणाला, पण चेहरा थट्टेचा नव्हता. मी म्हटलं, "टांगते. पण घालू देणार नाही. मी तिथेच उभी असते." आणि खरंच, माझी जागा त्या खिळ्याच्या शेजारीच होती.

नाटक होतं अमेरिकेतल्या एका छोट्या स्टेशनच्या मास्तरचं. स्टेशन बंद होणार, आणि शेवटी मास्तर एकटा फलाटावर उभा राहून निरोपाचं बोलतो. अंगात निळं जाकीट, त्याला सात पितळी बटणं. तालमीत ऑर्विल त्या भाषणात रोज एकाच ठिकाणी अडकायचा. दिग्दर्शकानं समजावलं, जिलनं कागद लिहून दिले, काही उपयोग नाही. मग मी हातात घेतलं! माझी आई मला काज-बटणं करता करताच पाढे पाठ करायला लावायची. एक बटण, एक पायरी. बोटांना आठवतं ते डोक्यापेक्षा पक्कं राहतं. तिसऱ्या अंकाआधी विंगेत मी त्याचं जाकीट लावायला घेतलं.

पहिलं बटण. "आजची साडेचारची गाडी शेवटची."

दुसरं. "उद्यापासून इथे कुणी उतरणार नाही."

तिसरं. "एकतीस वर्षं मी लोकांना हात हलवून निरोप दिला."

चौथं. बघते तर हा खिसा चाचपतोय.

"चौथं काय आहे?" मी विचारलं.

त्यानं खिशातून कागद काढून वाचलं. "मी स्वतः मात्र कधी गेलो नाही."

आता बोला! जो माणूस चालू नाटकातून उठून गेला, त्याला रोज शेकडो लोकांपुढे हे वाक्य म्हणायचं. मी त्याचं बोट धरून चौथ्या बटणावर ठेवलं आणि म्हटलं, "हे माझं बटण आहे. मी शिवलंय. हे कुठे जाणार नाही. ह्याला धरा आणि बोला."

आणि जमलं! पहिला प्रयोग पार पडला. दुसरा, दहावा, पन्नासावा. रोज विंगेत सात बटणं, सात वाक्यं, आणि रंगमंचावर चौथ्या वाक्याला त्याची बोटं त्या बटणाला घट्ट धरायची, पिळायची.

जिलनं एकदा विचारलं, "मिसेस के, त्या जाकिटाची जादा बटणं ठेवलीस ना?"

मी कमरेवर हात ठेवले. "जिल, मी शिवलेलं बटण आजपर्यंत तुटलेलं नाही. माझा अपमान करू नकोस!"

* * *

बुधवारी आणि शनिवारी दुपारचाही प्रयोग असतो. दुपारचे प्रेक्षक म्हणजे सगळे पेन्शनर. पिशवीत सँडविच, मध्यंतरात आइस्क्रीम, आणि आपण घरीच टीव्ही बघतोय असं समजून मोठमोठ्यानं बोलणार! पहिल्या रांगेत जांभळ्या टोपीची एक आजीबाई दर बुधवारी यायची. तिकीट काढून तेच नाटक पुन्हा! सूनबाईची भूमिका करणारी नटी एकदा रागानं ओरडली, "मी आता काय करू?" तर ही पहिल्या रांगेतून म्हणाली, "आधी किटली लाव, बाई!"

सातव्या आठवड्यातला बुधवार. आता जेमतेम दीड आठवडा उरला होता. तिसरा अंक. सगळं सुरळीत. ऑर्विल फलाटावर एकटा. साडेचारची गाडी झाली, उद्यापासून कुणी उतरणार नाही झालं, एकतीस वर्षांचा निरोप झाला. बोटं चौथ्या बटणावर गेली. पिळलं.

आणि बटण हातात आलं! हातातून निसटलं, फलाटाच्या फळ्यांवर टणटण वाजत गेलं आणि बाकाखाली गडप.

माझं बटण! पन्नास प्रयोग त्यानं ते पिळलं होतं, दोरा झिजणार नाही तर काय? रोज डोळ्यांसमोर दिसत होतं, पण माझा तोरा! जादा बटण एकही ठेवलं नव्हतं मी.

ऑर्विलचं बोट रिकाम्या काजावर फिरत होतं. तोंड उघडं, आवाज नाही. पलीकडच्या विंगेतून जिलनं वाक्य पुरवलं. मग पुन्हा, मोठ्यानं. ह्याला ऐकूच गेलं नाही. प्रेक्षक चुळबुळायला लागले. आणि मग त्यानं मान वळवली. माझ्याकडे नाही. माझ्या मागच्या दाराकडे. मी तो चेहरा कधी विसरणार नाही. सत्तर वर्षांचा माणूस, आणि एखादं पोर बाजारात हरवावं तसे डोळे.

त्यानं एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. "अगं बाई, त्याचं बटण तुटलं!"

माझी तंद्री मोडली. गळ्यातली कात्री हातात आली, शेजारी कोट होता, हाताला येईल ते बटण कापलं. सुई तर ओवलेलीच असते. आणि मी चालायला लागले. कुठे चाललेय ते दिव्याचा उजेड तोंडावर आला तेव्हा कळलं! अंगात काळे कपडे, पुढे एप्रन, डोळ्यांवर जाड चष्मा. सुई हातात असली की माझा हात कापत नाही.

त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि ड्रेसिंगरूममध्ये म्हणते तशी म्हणाले, "स्टँड स्टिल."

"बरोबर बोलतेय ती," आजीबाई म्हणाली. "हलू नकोस!"

सगळं थिएटर हसलं. तो थांबला. मी जाकिटाची कड धरली आणि पहिला टाका घातला. पितळी सहा बटणांमध्ये तपकिरी शिंगाचं एक. त्यानं खाली पाहिलं. ते कुठलं बटण आहे ते त्यानं ओळखलं. त्याच्या छातीचे ठोके मला हाताला लागत होते.

आणि मग त्यानं तोंड जरासं उघडलं. दोरा मागत होता.

माझे वडील डोळ्यांसमोर आले, त्यांनी हद्दपार केलेलं सगळं आठवलं. पण काय सांगू, त्या क्षणी मला त्या माणसाची इतकी माया आली! तत्त्व गेलं खड्ड्यात म्हटलं. दातानं दोरा तोडला आणि त्याच्या ओठांत दिला.

तो दोरा चावत उभा राहिला आणि मी शिवत राहिले. गाठ मारली, दोरा कापला, बटण काजात घातलं. "झालं," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. त्याचं बोट धरून बटणावर ठेवलं आणि वळून चालत विंगेत आले.

मागून त्याचा आवाज आला. सावकाश, खणखणीत.

"मी स्वतः मात्र कधी गेलो नाही."

मग पाचवं, सहावं, सातवं. पडदा पडला. म्हातारी माणसं काठ्या आपटत उभी राहिली. मी विंगेत खाली बसून हमसून हमसून रडले, लाज सोडून.

जिल आली. मला वाटलं, आता नोकरी गेली. परवानगीशिवाय रंगमंचावर! तिला प्रत्येक प्रयोगाचा रिपोर्ट लिहून वर पाठवावा लागतो, एकूण एक गोष्ट. तिनं माझ्यासमोरच लिहिलं आणि मला वाचायला दिलं: "तिसरा अंक. एक बटण तुटलं. शिवलं. प्रयोग दोन मिनिटं लांबला."

* * *

उरलेले प्रयोग ऑर्विलनं तेच शिंगाचं बटण लावून केले. बदलू दिलं नाही. शेवटच्या शनिवारचा शेवटचा पडदा पडला तेव्हा तो बराच वेळ रंगमंचावर नुसता उभा होता. मग विंगेत आला, खिळ्यावरचा कोट स्वतः काढला, माझ्या हातात दिला आणि न्यूयॉर्कचा पत्ता लिहिलेला कागद त्यावर ठेवला. ते थिएटर अजून आहे म्हणे.

"मिसेस के, एवढं पोस्टात टाकाल? उशीर झालाय जरा."

सोमवारी मी पार्सल बांधायला घेतलं. कोटाला ब्रश मारला, अस्तर तपासलं. अपुऱ्या बटणाचा कपडा माझ्या हातून बाहेर जात नाही, तो माझा नियम आहे. डॉटला झाडताना बाकाखाली ते पितळी बटण सापडलं होतं. शिंगाचं होतं तिथेच जाकिटावर राहू दिलं आणि हे मी कोटाला लावलं, दुहेरी दोऱ्यानं, आणि पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव घालून पार्सल धाडून दिलं.

महिन्याभरानं पत्र आलं. टाइप केलेलं, अगदी अदबीचं. कोट पोचला, ठीक स्थितीत आहे, मनापासून आभार. "मात्र वरून चौथं बटण आमचं नाही. मूळ बटण आपल्याकडे असल्यास ते परत मिळेल का?"

मी उलट टपालानं स्वतःच्या अक्षरात उत्तर पाठवलं. एकच शब्द.

"नाही!"